लांब नळी

ऋतुजा : बूट बाहेर काढ, रणजित. आप्पांचे राहू देत, त्यांना वाकता येणार नाही.

रणजित : काढतो ना मी. आप्पा, डावा पाय उचला. उजवा तुमच्यानं उचलायचा नाही, तो मी उचलतो. हां. आता बसा इथं. टेका मागं.

ऋतुजा : लग्नानंतर पहिल्यांदा आलात माझ्या घरी, आप्पा. आणि तेही सहीसाठी.

आप्पासाहेब : मी कुटं आलोय. ह्यानं आणलं. लिफ्टमधी घातलं, वर काढलं.

रणजित : ताई, मला साईटवर पोचायचंय, सरळ बोलतो. आप्पांची सत्तरी उलटली. आता बंदुकीचं लायसन मुलाच्या नावावर करता येतं. आप्पांनी अंगठा दिलाय. पण पोलीस म्हणतात, बाकीच्या वारसांची हरकत नाही असं लिहून आणा. आई गेली. उरलीस तू.

ऋतुजा : म्हणजे घरातून नाव कापलेली मुलगी बंदुकीपुरती वारस निघाली.

रणजित : टोमणे नकोत आता.

ऋतुजा : कर्वेनगरात ते फुकट मिळतात, घे. बरं, बंदूक कशाला हवीय तुला? शेत कुठे राहिलंय? डुकरं यायची तिथे तूच बिल्डिंगा बांधल्यास.

रणजित : बंदूक नकोच आहे मला.

आप्पासाहेब : म्हंजी?

रणजित : लायसन पाहिजे. ती दुनळी विकायची आणि त्या लायसनवर पिस्तूल घ्यायचं. बत्तीस बोअर. बघून ठेवलंय.

आप्पासाहेब : मला तर म्हणलास, बंदूक घरातच ऱ्हाणार हाय.

रणजित : म्हणालो. नाहीतर तुम्ही अंगठा दिला असता का?

आप्पासाहेब : माज्या बापाची हाय ती. बारा बोअर. भिंतीवर हाय म्हणून उंबऱ्याच्या आत कुणाचा आवाज चढला न्हाय कधी. आन तू पिस्तूल घेनार. पिस्तूल कोण ठिवतं रं? ज्याला लपवायचं असतं त्यो. बंदूक खांद्यावर टाकून मानूस निघाला की आख्ख्या गावाला कळतं, ह्याचं कुणासंगं वाकडं हाय. पिस्तूलवाला शेजारी बसून च्या पितो, आन त्याचा हात कुटं हाय ते कळत न्हाय.

रणजित : तेच तर पाहिजे, आप्पा. तुमचा जमाना गेला. आता कुणी खांद्यावर बंदूक टाकून हॉटेलात शिरतं का?

ऋतुजा : हॉटेलात कशाला शिरायचं बंदूक घेऊन?

रणजित : तुला नाही कळायचं. मागच्या महिन्यात कात्रजला बसलो होतो, एका प्लॉटच्या बोलणीला. संपतशेठ आला. बसताना कमरेचं पिस्तूल काढून टेबलावर ठेवलं, पाण्याच्या बाटलीशेजारी. म्हणाला, टोचतं. बस्स, एवढंच. त्यानंतर दुसरं कुणी बोललंच नाही. त्यानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी माना हलवायच्या.

ऋतुजा : आणि तू?

रणजित : माझी दुनळी गाडीत मागं, चादरीत गुंडाळलेली. निघताना त्याच्या ड्रायव्हरनं पाहिली. म्हणाला, शेठ, डुकरं मारायला निघालात का? सगळे हसले. मीपण हसलो. हसावं लागलं.

आप्पासाहेब : हसनारच. चादरीत बाईमानूस झाकत्यात, बंदूक न्हाय. आन तुजा खांदाच न्हाय त्या कामाचा. पयल्यांदा उडवली तवा मागं पडला, आन भर अंगनात चड्डीत मुतला. गडीमानसं बघत हुती.

रणजित : आठवीत होतो मी.

आप्पासाहेब : मी पाचवीत उडवली.

रणजित : झालं बोलून? ताई, वायपर कुठंय तुझा?

ऋतुजा : बाल्कनीत. का?

रणजित : आणतो. हा घ्या, आप्पा. बंदुकीच्या निम्मंसुद्धा वजन नाही ह्याचं. लावा खांद्याला. लावलात, तर दुनळी भिंतीवरच राहील. ताईसमोर शब्द देतो.

आप्पासाहेब : उगं पोरकटपना करू नको.

रणजित : का? खांद्याचीच तर गोष्ट चाललीय. धरा.

ऋतुजा : तो ओला आहे, रणजित.

रणजित : असू दे. धरा, आप्पा. डाव्या हातानं मधे पकडा. आता वर. अजून. तोंडाकडं नाही, समोर. आता उजवा हात आणा मागं, चापावर. आणा की. येत नाही? मग डाव्यानं उचलून आणा त्याला. पण मग काठी कोण धरणार?

(वायपर फरशीवर पडतो.)

रणजित : बघा. दोन हातांची वस्तू आहे ती, आप्पा.

आप्पासाहेब : ऋतू, हसू नगं.

ऋतुजा : मी हसत नाहीये. त्या दिवशी तुमचे दोन्ही हात किती छान चालत होते, ते आठवतेय.

आप्पासाहेब : कंच्या दिवशी?

ऋतुजा : धम्मदीप आईला घेऊन मला मागणी घालायला आला होता, त्या दिवशी. हिराबाई. माझ्या सासूबाई. नवं लुगडं नेसून, पेढे घेऊन आल्या होत्या. तुम्ही अंगणात बंदूक पुसत बसला होतात. त्या फाटकापासून बोलल्या, तर म्हणालात, बाई, ऐकू येत न्हाय, जवळ येऊन बोला. त्या आल्या. अगदी खुर्चीपाशी आल्या. मग तुम्ही नळी त्यांच्या कानाशेजारून वर केलीत आणि चाप ओढलात.

आप्पासाहेब : हवेत मारली. जीव घ्यायचा असता तर घेतला असता.

ऋतुजा : हो. जीव नाही घेतलात. फक्त म्हणालात, आता मलाबी ऐकू येत न्हाय आन तुलाबी.

रणजित : ताई, जुनं झालं ते.

ऋतुजा : तुझ्यासाठी. त्यांचा तो कान गेला, आता दुसराही जात चाललाय. धम्मदीप त्यांना मशीन बसवायला घेऊन गेलाय. येतीलच इतक्यात.

रणजित : मग तर तुलाच बरं वाटायला पाहिजे. सही केलीस की ती बंदूक आमच्या घरातून गेली. आजच दुकानात नेऊन टाकतो.

आप्पासाहेब : सही करू नगं, ऋतू.

ऋतुजा : का?

आप्पासाहेब : तुला म्हाईत न्हाय माजं तिकडं काय चाललंय. वरच्या मजल्यावर जागा न्हाय म्हणत्यात. गाड्या लावत्यात तिथल्या खोलीत निजतो मी. ह्याची बायको, तनुजा, दारातनं ताट सरकवती, आत पाय टाकत न्हाय. नातवाला सांगितलंय, आजोबाच्या अंगाला वास येतो. पन खोलीत भिंतीवर बंदूक हाय. आलंगेलं कुनी तिच्याकडं बघतं, मग खाली माज्याकडं बघतं. ती गेली की माज्याकडं बघायला कारन काय?

रणजित : डॉक्टरनंच सांगितलंय जिना चढू नका म्हणून. आणि वास येतो तर येतो, त्यात तनुजाची काय चूक?

ऋतुजा : आप्पा, त्या बंदुकीच्या भीतीनं मी आईच्या मयताला आले नाही. रस्त्याच्या कडेला रिक्षात बसून राहिले.

आप्पासाहेब : ठावं हाय.

ऋतुजा : ठाऊक होतं तुम्हाला?

आप्पासाहेब : आपल्या गड्यानं, ग्यानबानं येऊन सांगितलं, पोरगी रिक्षात बसलीया. म्हणून तर बाहीर काढून बसलो हुतो मांडीवर घिऊन.

ऋतुजा : आई आत, आणि तुम्ही बाहेर बंदूक घेऊन.

आप्पासाहेब : चार मानसं बघत हुती. आत कसा घिऊ तुला?

रणजित : झालं का तुमचं? ताई, पेन आहे ना? इथं खाली. तारीख मी टाकतो.

ऋतुजा : थांब. एक सांग. पिस्तूल आलं की पहिली बैठक कुणाबरोबर?

रणजित : तुझ्याबरोबर. जमिनीत हिस्सा मागितलायस ना वकिलामार्फत. बसू, बोलू. घरातल्या घरात.

ऋतुजा : इथे? ह्या टेबलाशी?

रणजित : जिथं म्हणशील तिथं.

ऋतुजा : आणि पाण्याच्या बाटलीशेजारी ते काढून ठेवशील.

रणजित : ताई, खरंच टोचतं गं. कमरेत घालून बसता येत नाही.

ऋतुजा : आप्पांनी निदान फाटकातून दिसेल असं धरलं होतं.

रणजित : म्हणून तर तुम्ही सगळे पळालात. मला कुणी पळायला नकोय. बसायला पाहिजेत. समोर बसून, मान हलवून, सही करून जायला पाहिजेत.

ऋतुजा : मग मी सही करत नाही.

रणजित : बघ, विचार कर.

ऋतुजा : केला. दुनळी भिंतीवर सडू दे. निदान ती लिफ्टने चौथ्या मजल्यावर येत नाही.

रणजित : ठीक आहे. मग आप्पा इथंच राहतील.

ऋतुजा : काय?

रणजित : वारस आहेस ना? हिस्सा पाहिजे ना? सगळ्याचा घे. ही पिशवी. सकाळच्या गोळ्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या, तनुजानं बांधून दिल्यात. चादर बदलावी लागते मधूनच. रात्री हाक मारतात, उठायचं नाही, आपोआप थांबतात.

आप्पासाहेब : रणजित. आरं रणजित, असं काय करतो?

रणजित : तुम्हीच म्हणालात ना, सही करू नगं. ऐकलं तिनं तुमचं. पहिल्यांदाच ऐकलं. बसा आता लेकीकडं.

ऋतुजा : त्यांची पिशवी तू घरातूनच भरून आणली होतीस.

रणजित : मी धंदा करतो, ताई. दोन्ही तयारी ठेवून निघतो. खाली गाडीत थांबतो जरा. मन बदललं तर फोन कर. पण फार वेळ नाही थांबणार.

आप्पासाहेब : गेला?

ऋतुजा : गेला. बूट घालायलासुद्धा थांबला नाही, हातात घेऊन गेला.

आप्पासाहेब : थांबल त्यो खाली. मला टाकून न्हाय जानार.

ऋतुजा : पाणी देऊ?

आप्पासाहेब : नगं.

ऋतुजा : तहान नाही, की आमच्या घरचं नको?

आप्पासाहेब : ते इचारू नगं.

ऋतुजा : विचारते. आता इथे राहायचं तर रोज प्यावं लागेल. हिराबाई भरतात माठ.

आप्पासाहेब : त्या बाई कदी येत्यात?

ऋतुजा : सांगितलं ना, येतीलच. मशीन बसवून झालं की विहारात जाऊन येणार होत्या, नाहीतर एव्हाना आल्या असत्या.

आप्पासाहेब : त्यांच्यासमोर मी असा बसू? हात लोंबकळतोय, तोंडातनं लाळ गळती.

ऋतुजा : पुसतील त्या. सासरे अंथरुणावर होते तेव्हा त्यांनीच सगळं केलं. चिडत नाहीत. तुम्हाला ओळखतील, आणि तरी पुसतील.

आप्पासाहेब : तेच नगं मला.

ऋतुजा : काय नको?

आप्पासाहेब : त्यांनी पुसायला नगं. दुसरं कायबी चालंल. शिव्या दिल्या तरी चालंल.

ऋतुजा : शिव्या येत नाहीत त्यांना.

आप्पासाहेब : ऋतू, त्याला फोन लाव. सही कर.

ऋतुजा : आत्ता म्हणालात करू नको.

आप्पासाहेब : म्हणलो. आता कर म्हणतो.

ऋतुजा : बंदूक जाईल.

आप्पासाहेब : जाऊ दे.

ऋतुजा : खोलीत मग काहीच राहणार नाही. तनुजा दारातून ताट सरकवणार, आणि भिंतही रिकामी.

आप्पासाहेब : सरकवू दे. तिनं सरकवलेलं मी खाईन.

ऋतुजा : आणि तो पिस्तूल घेऊन इथे येईल. माझ्यासमोर बसेल. तुमच्या मुलीसमोर. कळलंय ना तुम्हाला?

आप्पासाहेब : कळलंय.

ऋतुजा : तरी करू सही?

आप्पासाहेब : कर, पोरी. त्या बाई यायच्या आत कर. मला घरी जायचंय.