लोणी किती काढायचं

नाही हो आचार्य, अंदाजे माझं वजन किती भरेल ते मी कसं सांगू — मी आकडा सांगणार, तुम्ही तेवढं लोणी फ्रिजमधून काढून ठेवणार, ते इथं मऊ पडणार, आणि मी कमी भरलो तर उरलेलं कुणाच्या डोक्यावर? आईच्याच की. त्यापेक्षा आत्ताच पारड्यात बसवून बघा मला, स्वल्प दोनच मिनिटं. नको? आई आल्यावरच? सरी, सरी, ठीक आहे. नवस बोलला तिनं, ती समोर पाहिजे, बरोबर आहे तुमचं. येईलच ती. बसनं येतेय पीण्याहून, आमच्या कारखान्यांच्या भागातनं. बायकांना बस फुकट, म्हणून ती बसनं आणि मी मेट्रोनं — तेही अर्ध्या वाटेपर्यंत, पुढं चालत आलो. आज तेवढंच आणखी उतरलं तर उतरलं. पाणी? नको नको, पाणी नको. पाण्याला पण वजन असतंय. तुम्ही हसताय, पण हसायचं काय त्यात, कालपासून मी घोटभरच पितोय. आणि तुम्ही मगाशी फोनवर मराठी बोललात म्हणून एवढं बोलवतंय तरी, नाहीतर हे सगळं कानडीत मला धड सांगता आलं नसतं, म्हणजे कानडी येते, खानापूरकडचा आहे मी, पण असलं काही सांगायला घरचीच भाषा लागते.

मी योगीराज. पीण्यात एका छोट्या कारखान्यात डिस्पॅचला आहे, व्हॉल्व्ह जातात आमच्याकडनं, खोकी भरायची, काट्यावर ठेवायची, वजन लिहायचं. हो, त्याच काट्यावर मी पण चढतो, सुपरवायझर चहाला गेला की. तुम्हाला वाटेल हा माणूस तुलाभाराला घाबरतोय. घाबरत नाही, बोललेलं फेडायला पाहिजे, मला मान्य आहे. पण ती बोलली कशी ते ऐका. तीन वर्षांपूर्वी मला टीबी झाला होता. सरकू नका, बरा झालोय, गोळ्यांचा कोर्स पुरा केलाय, डॉक्टरनं स्वतः सांगितलंय आता काही नाही. पण त्या वेळी नुसता सापळा राहिलो होतो. आई मला उचलून बसवायची — साठी ओलांडलेली बाई, आणि मी तीस वर्षांचा बाप्या, आणि ती एका हातानं उचलायची. तर एक दिवस असं उचलताना तिच्या तोंडातनं निघून गेलं, देवा, याला भरू दे, जेवढा भरेल तेवढं लोणी तुला घालीन. आता सांगा, असा नवस बोलतात? शहाणी माणसं गूळ बोलतात. नाहीतर म्हणतात, आज जेवढा आहे तेवढ्या वजनाचं. तिनं वरची बाजू मोकळीच सोडली. लोणी का, तर ती जिथं भाकऱ्या करते त्या खानावळीच्या धनलक्ष्मी अक्का तुमच्या देवळात येतात, त्यांनी सांगितलेलं, इथं लोण्याचा तुलाभार होतो, देवाला आवडतं. देवाला आवडतंय हो. देवाला काय जातंय.

आणि मी भरलो. असा भरलो म्हणता — गाल आले, पोट आलं, शर्टाची बटणं तुटायला लागली. आई माझ्याकडं बघायची आणि खुश व्हायची, नवीन घर बांधून झाल्यावर माणूस रस्त्यावर उभा राहून बघतो ना, तशी. मी म्हणालो, आई, पैसे मी देतो, माझा पगार आहे, थोडा आहे पण आहे. तर नाही. बोलले मी, फेडणार मी, तुझं वजन आणि तुझेच पैसे, मग त्यात माझं काय? आमच्याकडं तसंच आहे, बोलणाऱ्यानं स्वतःच्या कष्टाचं घालायचं. मी एकदा तिच्या डब्यात गुपचूप नोटा सरकवल्या. तिला कळलं. सगळ्या नेऊन कोपऱ्यावरच्या मारुतीच्या पेटीत टाकून आली. मग मी काय करणार? ती पहाटे उठते, खानावळीत चुलीपुढं बसते आणि जोंधळ्याच्या भाकऱ्या थापते, कारखान्याची सगळी पोरं तिथं जेवायला येतात, आमच्याकडचीच, त्यांना हातावर थापलेलीच भाकरी लागते, लाटलेली चालत नाही. भाकरीमागं पैसे मिळतात. मनगटाला फडकं बांधून थापते. उजवा हात रात्री वर उचलत नाही, केस विंचरायला शेजारच्या पोरीला हाक मारते. एक किलो लोण्याला किती भाकऱ्या होतात, ते मी एकदाच काढलं. परत नाही काढलं. त्यानंतर आरशात पोट दिसलं की मला भाकऱ्याच दिसायच्या.

म्हणून ठरवलं, हात तिचा थांबवता येत नाही तर निदान वजन तरी आपल्या हातात आहे. आता वजन उतरवायचं म्हणजे पण पैसे लागतात, हे मला माहीत नव्हतं. जिममध्ये गेलो, तिथला पोरगा म्हणाला, सर, पावडर घ्यायची, ओट्स खायचे, रोज चार अंड्यांचं पांढरं. मी म्हणालो आणि पिवळं? म्हणाला टाकून द्यायचं. तिथनंच परत आलो. अंड्यातलं पिवळं टाकणारा माणूस माझ्या घराण्यात अजून जन्मायचाय. मग मोबाईलवर बघितलं, गरम पाण्यात लिंबू. उन्हाळ्यात लिंबाचा भाव बघितलाय का तुम्ही? नुसतं गरम पाणी प्यायलो. सकाळी नाचण्याची अंबील, दुपारी उकडलेले हुलगे — घोड्याला घालतात म्हणून कारखान्यात सगळे मला कुदुरे म्हणायला लागले, कानडीत घोडा म्हणजे, तुम्हाला माहीतच आहे. म्हणू देत. खोकी बांधायची प्लास्टिकची पट्टी असते ना, तिची दोरी करून उड्या मारल्या, खालच्या मजल्यावरचा घरमालक वर आला. मग मेट्रोचे जिने. तिकीट नाही काढायचं, नुसतं या बाजूनं चढायचं आणि रस्त्याच्या त्या बाजूला उतरायचं, परत चढायचं. तिथला गार्ड काही दिवस बघत राहिला आणि मग एक दिवस विचारलं, काय हरवलंय का. मी म्हटलं, हो, शोधतोय.

उतरायला लागलं तसं. पण घरात एक चालू होतं की. मी इकडं उतरवायचं आणि तिनं तिकडं चढवायचं. रात्री खानावळीतनं आली की गरम भाकरी, वर शेंगाचटणी, तिच्यावर तेल, आणि समोर बसून राहणार. खाल्लं नाही तर लगेच कपाळाला हात लावून बघणार — ताप आहे काय, खोकला आहे काय, परत सुरू झालं काय. तिला कसं सांगू, आई, तू जे वाढतेस तेच तुला विकत घ्यावं लागणार आहे म्हणून? मग थापा मारायला लागलो. कारखान्यात जेवून आलो. मित्राचा वाढदिवस होता. साहेबांच्या घरी पूजा होती. साहेब ख्रिश्चन आहेत आमचे. काल तर सांगितलं, उद्या देवळात जायचंय म्हणून उपास धरतो. तर म्हणाली, उपास मी करीन, तू जेव, उपाशी पारड्यात बसलास तर देवाला फसवल्यासारखं हुतंय. आणि खरंच आहे. फसवतोयच की मी. हा पंचा बघा, मुद्दाम पातळ नेसलोय. मोबाईल, पाकीट, किल्ल्या, सगळं त्या चपला सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याकडं ठेवलं. अंगठी काढली. कमरेचा चांदीचा करदोडा पण काढून ठेवला, जाड आहे तो, मी बरा झाल्यावर आईनं स्वतः बांधलेला, आता दृष्ट लागणार नाही म्हणून.

तुम्ही असं का बघताय? करदोडा काढत नाहीत, माहीत आहे मला. एवढ्या देवळातल्या माणसाला तर माहीत असणारच. काढला म्हणजे — काढला नाही तसा. खोटं कशाला बोलू इथं बसून. सरकून पडला. परवा अंघोळ करताना, पाणी घेतलं अंगावर आणि पायात काहीतरी पडल्यासारखं झालं, बघतो तर करदोडा. हे उतरवायला लागायच्या आधी, मागल्या संक्रांतीला तो रुतत होता हो मला, रात्री वळ उठायचे. मी तसाच उभा राहिलो, बादली भरून वाहायला लागली. आधी हसू आलं, म्हटलं जमलं की गड्या, एक पैसा न घालता जमलं. आणि मग आठवलं, त्या वेळी पण अगदी असंच झालेलं. आधी पँटच सैल झाली होती. खोकला नंतर आला. कितीतरी नंतर.

नाही, खोकला नाही आता. बघा ना, मघापासून एवढा बोलतोय, एकदा तरी — हां, ते धुपानं. आत कुणीतरी आत्ता धूप घातला, तुम्हाला पण ठसका लागला असेल. ताप नाही. घाम येतो रात्री, पण पत्र्याची खोली आहे, तिथं भिंतीला पण घाम येतो. मी तुम्हाला खरं सांगतो आचार्य, हिशेब लागेना मला. जिने चढायचं मी दिवाळीनंतरच सोडलंय, गुडघा दुखायला लागला म्हणून. दोरी तर केव्हाच टाकली. आणि वजन उतरतंयच. मी काही न करता उतरतंय. काट्यावर चढतो, आकडा खाली. मी खुश होतो, होतो ना, आईच्या तेवढ्या भाकऱ्या वाचल्या म्हणून, आणि खाली उतरलो की परत चढून बघतो. जाऊन तपासून घ्यायला काय होतं, फुकट तपासतात, मला ठाऊक आहे, तोच दवाखाना, त्याच बाकावर बसायचं. पण जायचं आणि त्यांनी हो म्हणायचं आणि आईनं इथं लोणी घालायचं? कशाबद्दल घालायचं मग? ती तीन वर्षं भाकऱ्या कशाबद्दल थापत होती? म्हणून मी म्हणतोय, एकदा हे फेडून होऊ द्या. तिच्या मनासारखं होऊ द्या. मग मी बघतो माझं काय ते.

आणि सगळ्यात वाईट काय सांगू? भूक. त्या वेळी माझी भूकच मेली होती. आई चमचा तोंडाशी धरायची आणि मला अन्नाकडं बघवत नव्हतं. आता पण लागत नाही. बरेच दिवस झाले, लागतच नाही. पण ती मी मारली म्हणून मेली, का आपली आपणच गेली? हे कोण सांगणार मला? आजारी नसताना आजाऱ्यासारखं राहायची सवय केली मी अंगाला, आणि आता अंग खरं बोलतंय का खोटं, ते मलाच ओळखू येईना. कालपासून पोटात काही नाही, बघा, आणि पोट गप्प आहे. एका बाजूला बरं वाटतं. एका बाजूला मला भीती वाटते हो. खूप वाटते. रात्री ती झोपली की मी तिच्याकडं पाठ करून कमरेभोवती हात लावून बघतो, आणखी सैल झालं काय म्हणून. हे तुम्ही तिला — नाही, तुम्ही काय सांगणार.

आली. ती बघा, गेटपाशी, हिरव्या लुगड्यातली, ती म्हातारी चपला काढतेय ती. आता हे सगळं इथंच ठेवा, कृपा करा. काय आणलंय तिनं ते — डबा? सांगितलं होतं नको म्हणून. आई, इकडं. हो, केव्हाचा आलोय. हे आचार्य, मराठीच बोलतात, यांच्याशीच बोलत बसलो होतो. नाही, पारडं अजून रिकामं आहे, तुझीच वाट बघत होते. डबा कशाला उघडतेस इथं, देवळाच्या पायरीवर? नंतर खातो. नंतर म्हटलं ना. आई, उघडू नकोस —

खानावळीतनं तशीच उचलून आणलीय तिनं. अजून वाफ येतेय. आणि शेंगाचटणी. आणि हे काय, वर लोणी? देवाच्यातलं नव्हं ना? तुझ्या वाटणीचं? तुझ्या वाटणीचं कुठलं आलं आई, तू तर सहा महिन्यांत लोण्याला बोट लावलं नाहीस. हात बघू. नाही, तो नाही, फडकं बांधलेला.

आचार्य. एक मिनिट. इकडं या जरा. भूक लागली हो. तोंडाला पाणी सुटलंय, बघा, आवंढे गिळतोय मी, पोटात आवाज आला, तुम्हाला ऐकू आला नाही? मला आला. कधीपासून आला नव्हता. म्हणजे मेली नव्हती ती. निदान ही एक तरी मेली नव्हती. बाकीचं दवाखान्यातले सांगतील, उद्याच जातो, हिलाच घेऊन जातो, कमरेला काही नाही हे ती आत्ता बघेलच, बघितलंच बहुतेक — बघितलं. आई, सांगतो. सगळं सांगतो, आधी बस इथं. आणि अर्धी भाकरी तू घे. तू घेतल्याशिवाय मी घेणार नाही. हां.

तुम्ही जा आता आचार्य, आत जा. लोणी काढा. किती ते विचारू नका, जास्तच काढा. मी जेवून येतो.