नवख्यांचे आबा

मालतीकाकू, आणि जमलेली सगळी मंडळी,

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाहीच म्हणाले होते. आबांवर बोलायचं आणि समोर आबा नाहीत, हे जमायचं कसं? मध्ये थांबले तर सांभाळून घ्या.

मी रेवती. बँकेत आहे, बदलीनं अकोल्याहून उज्जैनला आले. आबांच्या नात्यातली नाही. आम्ही भेटायचो ते 'नॉइज'च्या शोला. आबा एक रविवार सोडून एक, दुपारी स्कूटर काढून भैरवगढला जायचे, हे तुम्हाला ठाऊक आहे. कशाला जायचे, ते मात्र कोणी धड विचारलं नाही. "म्हातारपणी काय खूळ शिरलंय," म्हणून मंडळी मोकळी झाली. आत्ता बाहेर चपला काढताना एक गृहस्थ म्हणत होते, "त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून सहन व्हायचं." अहो, काहीतरीच काय! आबांचे कान किती तिखट होते ते काकूंना विचारा. काकू स्वयंपाकघरात पुटपुटल्या तरी बैठकीतून उत्तर यायचं. बघा, काकू हसताहेत.

तर सांगते. भैरवगढला साहिलच्या अब्बांची कापडछपाईची शेड आहे. रविवारी काम बंद असतं, तेव्हा साहिल आणि त्याचे दोस्त तिथे वाजवतात. गाणं नाही, ताल नाही. छपाईच्या टेबलाला माइक चिकटवायचा, टेबलावर लाकडी ठप्पे घासायचे, आणि तो आवाज इतका वाढवायचा की वरचे पत्रे थरथरतात. स्पीकर किंचाळतो. तेच त्यांचं संगीत. जाहिरात नाही, बोर्ड नाही. एकानं दुसऱ्याला सांगायचं, बस.

आबा तिथे पहिल्यांदा गेले ते चादर घ्यायला. पोरं वाजवायला बसलेली आणि ऐकायला कोणी नाही. साहिल म्हणाला, "अंकल, आज काम बंद है, पर बैठना हो तो बैठो." आबा कापडाच्या गठ्ठ्यावर बसले. वाजवणं सुरू झालं आणि स्पीकरनं शिट्टी धरली. आता मला सांगा, या हॉलच्या गणेशोत्सवात माइक कोण सांभाळायचं? आबा! जन्मभर त्या शिट्टीशी वैर. आबा उठले, तडक भिंतीपाशी गेले आणि प्लग उपटला. सगळं गप्प. आबा हात झटकत म्हणाले, "लो, हो गया ठीक. वायर ढीली होगी."

साहिल म्हणाला, "अंकल, वही तो म्यूज़िक था."

तुम्ही-आम्ही काय केलं असतं? ओशाळून निघून गेलो असतो, नाहीतर पोरांनाच चार शब्द सुनावले असते. आबांनी प्लग परत लावला. म्हणाले, "फिर शुरू से बजाओ. अब मैं आख़िर तक बैठूँगा." आणि बसले! कळलं काही नाही, डोकं भणभणलं, पण बसले. चादर न घेताच घरी आले. त्यावर काकूंनी काय ऐकवलं ते मी इथे सांगत नाही.

पुढे ही फजिती आबा प्रत्येक नवख्याला आपणहून सांगायचे. का? कारण नवखा तिथे फार अवघडतो हो. मान डोलवावी तर ताल नाही. संपलं की नुसतं थांबलं, टाळी वाजवावी की नाही, काही कळत नाही. बाकीची पोरं गंभीर चेहरे करून बसलेली, आणि आपणच तेवढे येडे, असं वाटतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझंही तेच झालं. "बाई गं!" म्हणत मी उठले आणि बाहेर आले. मागोमाग एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ आले. वाटलं, झालं, आता हे समजावणार. छे! त्यांनी थर्मासातला चहा ओतला आणि म्हणाले, "पळालीस ना? बरं केलंस. मी तर प्लगच काढला होता." नव्या गावात मला 'अगं-तुगं' करणारं कोणी नव्हतं, मंडळी. मला रडूच फुटलं.

आबांनी कधी कोणाला "आवडलं का?" विचारलं नाही. तसं विचारलं की माणूस खोटं बोलतो, असं म्हणायचे. विचारायचे ते एवढंच, "शक्कर ठीक है?" चहा पिऊन कोणी घरी जायचं. कोणी आपण होऊन परत आत यायचं. मी गेले. आज शोला येणाऱ्यांतले बहुतेक जण असेच एकदा पळालेले आहेत. आणि आबांना स्वतःला ऐकायची केवढी हौस! तरी निम्मा शो बाहेर, पळपुट्यांबरोबर. एवढं मोठं मन कोणाचं असतं?

आबा झोपेतच गेले. त्यानंतरच्या रविवारचा शो ठरलेला होता, तो आम्ही केला. काही नवी माणसं आली. थोडा वेळ बसली, उठली, गेली. आमच्यातलं कोणी उठलं नाही. आम्ही आपले डोळे मिटून बसलेलो, मोठे जाणकार! बाहेर येऊन पाहिलं तर रस्ता मोकळा. साहिलनं तिथेच डोळे पुसले. म्हणाला, "दीदी, अब बंद करते हैं." नवं माणूस टिकणार नसेल तर आम्ही चार टाळकी एकमेकांना किती दिवस ऐकवणार? पुढच्या शोला मी पहिल्यांदा वाजवणार होते. आबांनी वर्षभर पिच्छा पुरवला होता. घरातल्या जुन्या टेबलफॅनच्या जाळीला माइक लावून मी खटपट करत होते. तो फॅन मी माळ्यावर टाकला.

काल मी काकूंकडे गेले ते हेच सांगायला. काकूंना तो आवाज मुळीच सोसत नाही. आबांनी एकदा नेलं होतं, तर त्या रिक्षा करून परत. आबा मागे चहा घेऊन धावले, पण थांबतील त्या काकू कसल्या! सगळं ऐकून काकू म्हणाल्या, "आत बसणं मला या जन्मात जमायचं नाही. डोकं फुटतं माझं. पण जो पळून बाहेर येईल त्याला चहा देईन की मी. त्याचं दुःख माझ्याइतकं कोणाला कळणार?" मी म्हटलं, "काकू, तेरावं नुकतंच झालंय. लोक काय म्हणतील?" तर म्हणाल्या, "म्हणू देत. तू फॅन खाली काढ."

तेव्हा मंडळी, येत्या रविवारी भैरवगढला शो आहे. मी वाजवणार आहे. तुम्ही सगळे या. नाही सोसलं तर खुशाल उठा, लाजू नका. बाहेर काकू आहेत.

आणि आबा, आता तुम्हाला उठायला लागणार नाही. रविवारी पूर्ण ऐका. माझा नमस्कार घ्या.