एक्क्याऐंशी टक्क्यांवरची जाऊ

"तर काय मी तुझ्या घरात येऊन कापूस फुंकून जाते व्हय आक्का?" असं म्हणाली ती मला! माझ्याच दारात उभी राहून, माझ्याच घरचा चहा हातात धरून, वर आणि बशीत ओतून फुर्र करून प्यायली! कोण म्हणून काय विचारता, नागुबाई! माझी धाकटी जाऊ. वडगावात आमची दोन घरं, मधी एक भिंत, अलीकडं मी, पलीकडं ती आणि तिचे दोन यंत्रमाग, दिवसभर खडाखडा खडाखडा... चुली वेगळ्या होऊन एकतीस वर्षं झाली, भांडीकुंडी वाटली, पाटे-वरवंटे वाटले, पण भांडण तेवढं अजून एकत्रच हाय बघा, त्याची वाटणी कुणी केलीच न्हाय!

आणि ह्या वेळचं भांडण कशावरनं, तर कॉम्प्युटरवरनं. हसताय काय? साठी उलटून सात वर्षं झालेल्या बाईनं कॉम्प्युटरवरनं भांडू नये असं कुठं लिवलंय?

तुम्हास्नी पहिल्यापासनं सांगते. येत्या रविवारी आमच्या विणकर समाजाच्या हॉलात कार्यक्रम हाय. मोठा पडदा लावणार, आणि ज्या घरात हातमागाचं जुनं काम अजून कुणाच्या हातात हाय त्या घरातनं एकेक व्हिडिओ मागवलाय. घरातनं एकच! आणि समाजाची यादी अजून आमच्या सासऱ्यांच्या नावानं, त्यात आम्ही दोघी मिळून एकच उंबरा. लग्नपत्रिका येती ती एक, दोघी मिळून वाचतो. प्रसादाचा पुडा येतो तो एक, मधोमध फाडतो. पण व्हिडिओ कसा फाडायचा सांगा? आज सहाच्या आत जिचा पोचंल ती पडद्यावर, राहिली ती खुर्चीवर.

मी व्हिडिओ कशाचा केला? सांधणीचा. मागावरचा ताणा, उभे धागे ओ, संपत आला की जुन्या टोकाला नव्या ताण्याचं टोक जोडाय लागतं. बोटाला राख लावायची, दोन धागे धरायचे, एक पीळ, एक दाब, झालं. गाठ मारायची न्हाय, गाठ मागाच्या फणीत अडकती. आणि हे एकदा न्हाय, दोन-अडीच हजार वेळा! ह्या कामात शहापूर-वडगावात माझं नाव होतं. सांधायला जयाबाईला बोलवा, तिच्या बोटात डोळे हायत, असं माणसं म्हणायची. आणि नागुबाईनं व्हिडिओ कशाचा केला? सांधणीचाच! अगं, तुला सांधणी शिकवली कुणी? मी! माहेर तिचं निपाणीचं, तिकडं माग कधीच मोडलेले, ही पोर बिड्या वळत आलेली आमच्यात. पहिल्या दिवशी धागा असा गुंडाळला बोटाभोवती, म्हटलं ही आता काडी ओढून पेटवती की काय! आठ दिवस मी हाताला धरून शिकवलं. नवव्या दिवशी ती माझ्याबरोबरीनं सांधाय लागली. दहाव्या दिवशी... ते राहूदे.

तर व्हिडिओ. मी काढला, मी कापला, मी जोडला, वर माझाच आवाज घातला, तीन मिनिटं. कुणी शिकवलं? कुणी न्हाय! तिसरी शिकलेली बाई मी. माझ्या पोराची, विक्रमची, हुबळीला बदली झाली तवा तो कॉम्प्युटर इथंच सोडून गेला, मी एकेक बटण दाबत, चुकत, शिव्या देत शिकले. सगळं तयार झालं, शेवटचं ते एक बटण दाबायचं, की सगळे तुकडे एकजीव होऊन एक व्हिडिओ बाहेर पडतो. दाबलं. निळी पट्टी पळाय लागली. वीस... चाळीस... सत्तर... ऐंशी... एक्क्याऐंशी टक्के, आणि ठप्प!

बाण हलंना, पट्टी हलंना, नुसतं गोल चाक फिरतंय. आणि वर लिवून काय येतंय, 'नॉट रिस्पाँडिंग'. तेवढं इंग्रजी मला येतं. उत्तर देत न्हाय म्हंजे? ह्या घरात मला उत्तर न देऊन कुणाचं भागलंय? सासऱ्यांनी दिलं, नवऱ्यानं दिलं, ह्या पेटीला काय सोनं लागलंय?

आणि त्याच टायमाला भिंतीपलीकडनं आवाज आला... टिंग! काय असंल? नागुबाईचा व्हिडिओ झाला! कॉम्प्युटर न्हाय, काय न्हाय, फोनवर! तिच्या सुनेनं, दिपालीनं, दिलेला फोन. फोन उभा केला, काम केलं, बटण दाबलं, टिंग! म्हंजे आम्ही सहा महिने डोळे फोडून शिकायचं आणि हिनं नुसतं टिंग करायचं? पोटात असा जाळ झाला म्हणून सांगते, भाकरी भाजून निघाली असती.

रविराजला फोन लावला. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा हो, शहापुरात दुकान हाय, चाळिशीचा बाप्या पण बोलतो असं की पूजा सांगायलाय. "आक्का, बंद करून चालू करा." केलं. एक्क्याऐंशी टक्के, आणि ठप्प! "आक्का, बाकीचं सगळं बंद करा, एवढंच चालू ठेवा." ठेवलं. पंखा बंद केला, टीव्ही बंद केला, देवापुढचा दिवा तेवढा ठेवला. "तसं न्हवं ओ आक्का, कॉम्प्युटरमधलं बंद करा!" ते पण केलं. एक्क्याऐंशी, आणि ठप्प! "आक्का, जागा कमी पडत असंल, नको ते काढून टाका." आता नको ते म्हंजे काय, मला इचार करावाच लागला न्हाय. नागुबाईच्या वास्तुशांतीचे चारशे फोटो होते, ते पहिल्यांदा काढले! लई बरं वाटलं. एवढं हलकं वाटलं की कॉम्प्युटरबी हलका झाला असणार म्हणून बटण दाबलं... वीस, चाळीस, सत्तर, एक्क्याऐंशी टक्के, आणि ठप्प! चारशे फोटो फुकट गेले की ओ!

दुपारी चारला रविराज स्वतः आला. आल्या आल्या म्हणतो, "आक्का, कॉम्प्युटर कुठाय?"

"हा काय समोर!"

"ह्याला झालंय काय? थंडी वाजतीया?"

आता तुम्ही सांगा. मागावर ताणा चढवला आणि काम थांबलं की आम्ही वर जुनं लुगडं घालतो, धूळ बसू नये म्हणून. सासूबाईंपासनंची रीत. तशी ह्या पेटीला मी खोळ शिवली. इरकली खणाची, काठ पुढच्या बाजूला येईल अशी, आतनं जाड अस्तर, चारी बाजूनं घट्ट. चालू असतानाबी काढायची न्हाय. नागुबाईच्या टीव्हीवर नुसता रुमाल हाय! आणि ह्यो बाबा खोळ काढतो, पेटीला हात लावतो आणि "आई गं!" म्हणून हात मागं घेतो. "आक्का, ह्याच्यावर चहा उकळंल की. आत तापतंय, बाहेर जायला वाट न्हाय, गप्प बसणार न्हाय तर काय करणार ते?"

मग पेटी उघडली. आतनं काय काय निघावं? खंडेनवमीला मागाची पूजा करतो तशी मी ह्याचीबी केलती, माग तसा हा, कामाचाच की. तर झेंडूच्या पाकळ्या निघाल्या, अक्षता निघाल्या, पंख्याच्या पात्यावर हळद आणि कुंकू थापून बसलेलं... आणि ह्या सगळ्यावर कापूस! मागावरनं उडणारा सुताचा बारीक कापूस, एवढा, की रविराजनं मूठ भरून बाहेर काढला, परत मूठ भरून काढला. "आक्का," म्हणतो, "एक उशी भरंल ओ ह्यात."

माझ्या घरात माग चालू न्हाय, दहा वर्षं झाली. मग कापूस कुणाचा?

घेतली ती मूठ तशीच, आणि हाक मारली. "नागू! ये हिकडं! तुझ्या मागाचा कापूस ने तुझा तू!" ती आली. मी तिला चहा दिला. दिला म्हंजे काय, चारला आलेल्या माणसाला चहा न देता भांडायची आपली पद्धत न्हाय. आणि चहा दिल्या दिल्या म्हटलं, "तूच केलंस हे! खिडकी उघडी ठेवून मुद्दाम माग चालवतीस, माझा व्हिडिओ होऊ नये म्हणून!" तवा ती ते म्हणाली, कापूस फुंकते व्हय म्हणून. मी म्हटलं फुंकशीलबी! ती म्हणाली, "तुझी खिडकी तू लाव की!" मी म्हटलं, "माझ्या खिडकीतनं वारा यायला नको?" ती म्हणाली, "मग वाऱ्याशी भांड!" रविराज मधी पेटीपाशी बसलेला, ब्रशनं झाडायलाय, मान वर करंना. शहाणा माणूस.

झाडून झालं. पंखा भिरीभिरी फिराय लागला, पेटी गार. रविराज म्हणाला, "दाबा आक्का." दाबलं. नागुबाई गेली न्हाय हां, बशी हातात धरून मागं उभी. वीस... चाळीस... मी तिच्याकडं बघून घेतलं. सत्तर... ऐंशी...

एक्क्याऐंशी टक्के. आणि ठप्प.

रविराजनं डोकं खाजवलं. "आता तापलेलं न्हाय. दर वेळी त्याच जागेवर अडतंय म्हंजे व्हिडिओतच त्या जागी काय तरी हाय." आणि त्यानं माझं काम उघडलं की ओ पडद्यावर, सगळी तुकड्यांची रांग, आणि मी नको नको म्हणंपर्यंत मोठं करून बघाय लागला. "आक्का, तीन मिनिटांत एकशे चौसष्ट तुकडे? आणि हितं, एक्क्याऐंशीला, दहा सेकंदात चाळीस! कुणी एवढं कापतंय व्हय? ह्या पेटीची ताकद न्हाय एवढी. मधले तुकडे जोडलेले दिसू नयेत म्हणून वर काय काय घातलंय ते येगळंच. एका दमात का न्हाय घेतलं?"

मी खोळ उचलून घडी घालाय लागले. काठाला काठ लावला, परत उलगडला.

पण मागं जी उभी होती ती सांधणारी बाई. तिला बघून कळलं. एकेक तुकडा म्हंजे माझ्या बोटातनं सुटलेला एकेक धागा. सुटला की थांबवायचं, परत धरायचं, परत सुटायचा, परत थांबवायचं. उजव्या हाताची ही दोन बोटं, दोन वर्षं झाली, ऐकत न्हाईत. कुणाला सांगितलं न्हाय. कापून कापून असा व्हिडिओ केलता की बघणाऱ्याला वाटावं जयाबाई अजून तशीच सांधती. अडीच मिनिटांपर्यंत जमवलं होतं ओ. पुढं अडलं.

आता नागुबाईनं टोमणा मारायचा का न्हाय? मारला असता तर मी जिंकले असते, माझ्याकडं उत्तर तयार असतं. पण ही बया बशी खाली ठेवती आणि हळूच विचारती, "आक्का, हात कधीपास्नं गं असा?"

अंगाची अशी लाही झाली! म्हटलं, "तुझा व्हिडिओ दाखव आधी!"

दाखवला. काय सांगू तुम्हास्नी... एका दमात. कुठं कापलेलं न्हाय. तिची बोटं, राख, धागा, पीळ, दाब, पुढचा. धागा, पीळ, दाब, पुढचा. बिडीच्या टोकाला दोरा गुंडाळताना बोट वळतं तसं ती पीळ देती, मी शिकवलेलं न्हाय ते, ते तिचं. आणि लई चांगलं. एवढं चांगलं की मला उठून तिची बोटं एकेक करून मोडावीत वाटली, आणि मोडायच्या आधी एकदा धरावीत वाटली. दहाव्या दिवशीच ती माझ्या पुढं गेलती, तुम्हास्नी म्हणून सांगते, तिला सांगू नका. पण व्हिडिओला आवाज कसला? बासरी! कुठली तरी फुकटची बासरी, पीं पीं पीं! सांधणी म्हंजे काय, राख कशाला, गाठ का न्हाय, एक शब्द न्हाय! बघणाऱ्याला वाटायचं बाई हाताला खाज सुटली म्हणून बोटं चोळायलीया!

तेवढ्यात फोन. हॉलची यादी करणारे नागोजीअण्णा. "जयाक्का, सहा वाजायला आले. तुमच्या घरातनं नावं दोन आलीत, व्हिडिओ अजून एकबी न्हाय, घालू कुणाचा?"

मी तोंड उघडायच्या आत ही मागनं ओरडली, "आक्कांचा घाला ओ अण्णा!"

"माझा कुठला घालताय, माझा झालेला न्हाय!"

"मग थांबा ओ अण्णा, आम्ही दोघी बसून करतो आक्कांचा!"

"तू कोण माझा करणार? दान घालायलीस व्हय मला? तुझा तयार हाय तर तुझा घाल!"

"मला न्हाय पडद्यावर जायचं, तूच जा!"

"का? एवढा वेळ जायचं होतं की, टिंग करून!"

"तुला हात असा झालाय कळल्यावर मी एकटी कशी जाऊ गं?"

नागोजीअण्णा फोनमधी, "बायांनो, पाच मिनिटं राहिली, मी यादी बंद करायलोय..." रविराज पेटीचं झाकण बसवाय लागला, नागुबाईच्या डोळ्यात पाणी. आता रडून घेती का माझ्याच घरात, आणि मग मी वाईट, ती चांगली, आणि पडद्यावर बासरी! म्हटलं जयाबाई, आता काय तरी बोल, जन्मभर बोलत आलीयास. फोन तोंडाशी धरला आणि अण्णांना आणि नागूला मिळून एकदाच सांगितलं...

"अण्णा, दहा मिनिटं यादी उघडी ठेवा, हात नागूचेच राहूदेत, पण ती बासरी काढून वर बोलाय तोंड माझं लावायचं!"