तिघांचा फोटो

फिल्म कॅमेऱ्याचं वेड लागलं ना, की माणूस फोटो कमी काढतो आणि भाषणं जास्त देतो. मीही दिली. मावसबहीण रेवाच्या साखरपुड्याला मुलुंडच्या हॉलमध्ये सगळ्यांना मोबाईल खिशात ठेवायला लावले. म्हटलं, "फिल्मवर लगेच बघायची घाई नसते. वाट बघण्यातच मजा आहे."

रेवाच्या आईची, म्हणजे माझ्या मावशीची, एकच अट होती. "तिघांचा फोटो काढायचा नाही हां. अपशकुन असतो."

मग काय, रेवा आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याशेजारी कोणी एकटं उभं राहिलं, की मावशी चौथ्याला ओढून आणायची. शेवटी ती स्वतःच उभी राहिली आणि चौथं कोणी सापडेना. "तूच ये रे!" म्हणून ओरडली. मी टायमर लावला आणि धावत जाऊन रेवा आणि त्याच्या मधे घुसलो.

आठवड्याने घाटकोपरचा लॅबवाला म्हणाला, "फिल्म कॅमेऱ्यातच अडकली होती, साहेब, पुढे सरकलीच नाही. सगळे फोटो एकावर एक आलेत. एकच कॉपी निघाली."

ती मी मावशीला नेऊन दिली. म्हटलं, "आर्ट आहे गं ही."

तिने चष्मा लावला. अख्खं खानदान धुक्यात गेलं होतं, त्यात मावशीसुद्धा. ओळखू येत होती फक्त तीन तोंडं: रेवा, तिचा होणारा नवरा आणि मधे आ वासलेला मी.

"मेल्या," मावशी म्हणाली, "एवढं सांगून तिघांचाच काढलास. आणि तिसरा कोण, तर तू!"