गळकी खिडकी

१९९१चा मे महिना. इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात रांगेत उभा होतो. माझ्यापुढे पन्नाशीचे एक गृहस्थ आणि त्यांची विशीतली मुलगी मराठीत बोलत होती.

"वैजू, व्हॅनची अख्खी खिडकीच काढलीस?"

"हो बाबा. आतून ढकलला, रबरासकट बाहेर आला."

"आली. खिडकी आली."

"आली. मग फ्रेमचे स्क्रू काढले, सरकणारा काच हळूच बाहेर घेतला. फुटला नाही!"

"फुटली नाही. पाणी कुठून गळत होतं?"

"काच सरकते ना, त्या खाचेतली फेल्टची पट्टी सडली होती. आत मॉस होता बाबा, हिरवा!"

"शेवाळ. म्हणूनच नको म्हणालो. तू आणि ती तुझी मैत्रीण हेलन, दोघी मुली त्या कॅम्परव्हॅनमध्ये झोपणार, स्कॉटलंडला पोचेपर्यंत न्यूमोनिया व्हायचा."

"तुम्ही म्हणालात, गळकी व्हॅन न्यायची नाही. आता गळणार नाही."

"पुन्हा बसवता येईल?"

"रबराच्या खाचेत दोरी घालायची. मी आतून ओढणार, हेलन बाहेरून दाबणार."

"हे कुणी शिकवलं?"

"लायब्ररीतून मॅन्युअल आणला."

त्यांचा नंबर आला. गृहस्थांनी कुजलेल्या पट्टीचा तुकडा काउंटरवर ठेवला आणि इंग्रजीत दोन खिडक्यांच्या पट्ट्या मागितल्या.

"बाबा, एकच गळते!"

"दुसरीही काढा. तिच्याखाली हेलन झोपणार ना?"

"म्हणजे मी जाऊ?"

"आईला मी सांगतो. तू घरी गेल्यावर गप्प बस."