मागची खोली

त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात वडिलांचं घर विकायला इंदुताई मूल गावच्या रजिस्ट्री कचेरीत बाकावर आपल्या नंबराची वाट बघत बसल्या होत्या. वडील जाऊन फार दिवस झाले नव्हते. शेजारी दुसराच व्यवहार चालला होता: लटारूभाऊ आपलं घर विकत होते आणि बांगडीवाल्या खैरुनबी ते घेत होत्या. मुनशीने खरेदीखत नुकतंच वाचून दाखवलं होतं.

"विहिरीचं नाई आलं, भाऊ," खैरुनबी म्हणाल्या.

"विहीर शेजाऱ्याची हाये, बाई. पन पानी आमीच भरतो. तो कधी नाई म्हनत नाई."

"तुमाले नाई म्हनत. मले म्हनन. त्याची सही घ्या."

"घेतो. वकिलाच्या वर झाल्या तुमी!"

"घर कुठी गहाण-गिहाण?"

"नाई वं माय!"

"अन् मागच्या खोलीत तुमची बहीण राह्यते, कमळाबाई. तिचं का?"

"तिले सांगून ठेवलं हाये. जाईन कुठीबी."

"कुठी?"

लटारूभाऊ दाराबाहेर पाहू लागले, तशा खैरुनबी मुनशीकडे वळल्या.

"लिवा मुनशीजी, जित्ती हाये तवर मागची खोली तिची."

"लिवाचं काऊन, बाई? तुमी राहू देतो म्हनलं, झालं. तुमच्या शब्दावर भरोसा हाये माहा."

"माह्या शब्दावर मलेबी हाये. माह्या सुनांची हमी नाई देत मी."

"स्टॅम्प वाया जाईन ना!"

"जाऊ द्या, नवा घ्या. अन् तिले बाहेर उनात काऊन बसवलं? आत बलवा. तिच्या खोलीचं लिवून राह्यलो आपुन."

कमळाबाई आत आल्या, पण दाराशीच उभ्या राहिल्या. इंदुताईंनी बाकावर सरकून जागा केली.