लॅबमधलं नवं कार्ड

माझ्या नोंदवहीत चूक सापडत नाही म्हणता ना, मग कुरकुंभच्या कारखान्यातलं ऐका. तपासणीवाले दारात आलेले, आणि लॅबच्या लिनक्स कॉम्प्युटरचं जळालेलं नेटवर्क कार्ड मी बदललं तरी मशीनमधले रिपोर्ट बाहेर निघेनात. "तेच मॉडेल, तीच डबी," मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो.

इलेक्ट्रिशियन शेखमामांनी नवं कार्ड काढून जुन्याच्या शेजारी धरलं. "भाऊ, नाव तेच हाय, पण चिप दुसरीच हाय की." कार्ड बनवणाऱ्यांनी न सांगताच चिप बदलली होती, मशीनमधला जुना ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, तिला ओळखेना.

तेवढ्यात तपासणीवाल्यांनी माझी वही मागितली. मशीन सुरू करण्याआधीच मी सकाळी शाईनं लिहून ठेवलं होतं, "हुबेहूब तेच कार्ड बसवलं. चालू आहे."

मामा हळूच म्हणाले, "वहीत तरी चालू हाय."